एकाच संकेतस्थळावर ब्राउझर कोसळतो तेव्हा

इतर सगळी संकेतस्थळे सुरळीत चालतात आणि एखादे ठरावीक पान उघडले की मात्र ब्राउझर बंद पडतो, तेव्हा दोष त्या संकेतस्थळाचाच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पानाने कितीही वेडेवाकडे काम सांगितले, तरी ते पार पाडावे किंवा नाकारावे, स्वतः कोसळू नये, अशाच बेताने ब्राउझर लिहिलेला असतो. तरीही तो कोसळतो, तेव्हा बहुधा त्या पानाने इतर पाने सहसा मागत नाहीत असे काहीतरी मागितलेले असते, उदाहरणार्थ त्रिमितीय नकाशा, संरक्षित व्हिडिओ, कॅमेरा किंवा प्रचंड मोठा तक्ता. आणि ते पुरवताना संगणकातला एखादा कमकुवत दुवा तुटलेला असतो. तोच पत्ता दुसऱ्या संगणकावर विनातक्रार उघडतो, त्याचे कारण हेच. शोधायचा असतो तो हा दुवा.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे सगळा कॅशे (पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या प्रती) आणि सगळ्या कुकीज (लॉगिनसारख्या गोष्टींच्या छोट्या नोंदी) पुसून टाका, आणि तेवढ्याने भागले नाही तर ब्राउझर काढून पुन्हा बसवा. हा सल्ला मला पटत नाही. सगळे पुसल्यावर प्रत्येक संकेतस्थळावरचे लॉगिन जाते, आणि समजा अडचण सुटलीच, तर ती नेमकी कशाने सुटली हे कळत नाही, त्यामुळे ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ब्राउझर नव्याने बसवण्याचा उपाय तर बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, कारण सेटिंग, एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअरे) आणि साठवलेला डेटा ज्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतो, तो फोल्डर साधारणपणे तसाच राहतो आणि नवा ब्राउझर तोच पुन्हा वापरू लागतो. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सहज मागे घेता येईल असा बदल आधी करावा, आणि प्रत्येक बदलानंतर तेच पान त्याच पद्धतीने उघडून पाहावे.

खाली ब्राउझरमधल्या काही अंतर्गत पानांचे पत्ते देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावेत.

आधी सापळ्यातून बाहेर पडावे

काही जणांचा ब्राउझर उघडताच मागच्या वेळचे सगळे टॅब पुन्हा उघडतो, त्यात ते दोषी पानही असते आणि ब्राउझर पुन्हा कोसळतो. या चक्रातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इंटरनेट तात्पुरते बंद करून ब्राउझर सुरू करणे आणि ते पान उतरण्याआधीच त्याचा टॅब बंद करणे. फायरफॉक्स ओळीने अनेकदा कोसळला, तर तो स्वतःच मागच्या टॅबांची यादी दाखवतो. त्या यादीतून नको असलेल्या टॅबावरची खूण काढून बाकीचे परत आणता येतात.

नेमके काय कोसळते, ते ओळखावे

‘ब्राउझर बंद पडला’ या एकाच वाक्यात निदान चार वेगवेगळे बिघाड मावतात. पहिल्या प्रकारात फक्त तो टॅब जातो, बाकीचे शाबूत राहतात आणि क्रोममध्ये ‘ऑ, स्नॅप!’ असा संदेश येतो. दुसऱ्यात सगळ्या खिडक्या एकदम नाहीशा होतात. तिसऱ्यात काहीच कोसळत नाही, पण पान थिजते आणि ‘पान प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. चौथ्यात पान उघडतच नाही आणि ५०० किंवा ५०३ असा आकडा दिसतो. हा बिघाड त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरचा असतो आणि आपल्या बाजूने वाट पाहण्यापलीकडे त्यात करण्यासारखे काही नसते.

पहिल्या दोन प्रकारांतला फरक समजून घेणे विशेष उपयोगाचे आहे. २००८ साली आलेल्या क्रोमने पानांची कामे वेगवेगळ्या प्रक्रियांत (संगणकावर एकमेकांपासून अलग चालणाऱ्या भागांत) विभागली, म्हणजे एक पान कोसळले तरी बाकीचा ब्राउझर उभा राहतो. फायरफॉक्सनेही २०१६ पासून हाच मार्ग धरला. त्यामुळे नुसता टॅब जात असेल, तर संशय पानाची स्वतःची स्क्रिप्ट, त्यावर काम करणारी एक्स्टेंशन आणि मेमरी यांच्यावर घ्यावा. संपूर्ण ब्राउझरच नाहीसा होत असेल, तर मूळ प्रक्रियेलाच धक्का बसलेला असतो, आणि तेथे ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्सचे हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर), अँटिव्हायरस किंवा ब्राउझरमध्ये घुसलेले दुसरे एखादे सॉफ्टवेअर यांच्याकडे आधी पाहावे.

टॅब कोसळल्यावर क्रोम आणि एज त्या संदेशाखाली बारीक अक्षरांत एक त्रुटी-संकेत देतात, तो लिहून घ्यावा. ‘आउट ऑफ मेमरी’ असे असेल, तर अर्थ उघड आहे. ‘स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन’ म्हणजे प्रक्रियेने तिच्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला. हे बाहेरून घुसलेल्या सॉफ्टवेअरमुळे, ब्राउझरमधल्या दोषामुळे किंवा क्वचित खराब रॅममुळेही होते.

याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पानावर आपण काय करतो तेव्हा ते कोसळते. फाइल अपलोड करण्याचे बटण दाबताच ब्राउझर जात असेल, तर त्या पानाचा बहुधा संबंधच नसतो: फाइल निवडण्याची खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची असते, आणि विंडोजमध्ये फाइलच्या मेनूत स्वतःची कलमे घालणारी क्लाउड साठवणीची वा फाइल दाबून लहान करणारी सॉफ्टवेअरे त्या खिडकीबरोबर ब्राउझरच्या प्रक्रियेत शिरू शकतात. खातरजमा सोपी आहे. दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर फाइल अपलोड करून पाहावी. छपाईच्या वेळी कोसळत असेल, तर प्रिंटरचा ड्रायव्हर तपासावा आणि तोवर पान पीडीएफ म्हणून जतन करून पाहावे. कॅमेरा सुरू होताना कोसळत असेल, तर आभासी कॅमेरा पुरवणारे सॉफ्टवेअर बंद करावे. व्हिडिओ सुरू होताच कोसळत असेल, तर व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे जाते तेथे किंवा सशुल्क व्हिडिओसाठी लागणाऱ्या वाइडव्हाइन या संरक्षण-घटकात दोष असू शकतो. आणि काहीही न करता, पान दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवल्यावरच कोसळत असेल, तर मेमरी हळूहळू भरत चालली आहे असे समजावे.

झटपट करता येणाऱ्या चाचण्या

सर्वांत आधी ब्राउझर अद्ययावत आहे का हे पाहावे. नवी आवृत्ती उतरलेली असूनही ब्राउझर बरेच दिवस बंदच न केल्यामुळे ती लागू झालेली नसते, असे फार वेळा आढळते. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती. अशा संगणकावर नव्या आवृत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र नुसत्या जुनेपणामुळे पान सहसा विस्कटलेले किंवा कोरे दिसते, कोसळत नाही.

त्यानंतर तेच पान खाजगी विंडोत उघडावे. तेथे जुन्या कुकीज आणि साठवलेला डेटा नसतो, आणि मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशनही चालत नाहीत. पान तेथे नीट चालले, तर कारण या दोहोंपैकी एक आहे. तेथेही कोसळले, तर मात्र दोन्ही निर्दोष आहेत असे लगेच मानू नये: क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या तपशिलात आणि फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनच्या पानावर एखाद्याला खाजगी विंडोत चालण्याची परवानगी पूर्वी दिलेली असू शकते. अधिक पक्की चाचणी हवी असेल, तर नवे कोरे प्रोफाइल तयार करावे. क्रोम आणि एजमध्ये ते प्रोफाइलच्या चित्रावरून, तर फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पानावरून करता येते. जुने प्रोफाइल जागेवरच राहते, त्यामुळे या चाचणीत गमावण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडून पाहताना तो खरोखर दुसरा आहे याची खात्री करावी. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. एजही जानेवारी २०२० पासून याच पायावर आला. क्रोममध्ये कोसळलेले पान एजमध्येही कोसळले, तर त्यातून फारसे काही कळत नाही. तुलना फायरफॉक्सशी किंवा मॅकवर सफारीशी करावी. आयफोनवर हा घोळ आणखी वाढतो, कारण तेथे क्रोम आणि फायरफॉक्ससुद्धा आतून सफारीचेच वेबकिट इंजिन, म्हणजे पाने उभारणारा गाभा, वापरतात. युरोपीय संघात २०२४ पासून ॲपलने इतर इंजिनांना मुभा दिली, पण बहुतेक ठिकाणी आयफोनवर ब्राउझर बदलणे म्हणजे बहुतांशी वरचे आवरण बदलणे होय.

जोडणी बदलून, म्हणजे वाय-फायऐवजी मोबाइल डेटावरून, तेच पान एकदा उघडून पाहण्यासही हरकत नाही. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभर फायरफॉक्स अचानक थिजू लागला होता. एका क्लाउड सेवेच्या सेटिंगमध्ये झालेल्या बदलामुळे एचटीटीपी/३ (पाने उतरवण्याची एक नवी पद्धत) हाताळणाऱ्या फायरफॉक्सच्या कोडमधला एक जुना दोष जागा झाला आणि फायरफॉक्स अनंत चक्रात अडकला. वापरणाऱ्यांनी स्वतःच्या संगणकावर काहीच बदललेले नव्हते. आपण काही केले नाही म्हणजे काही बदललेच नाही, असे गृहीत धरू नये.

एक्स्टेंशन

नव्या प्रोफाइलमध्ये पान चालले, तर पुढचा संशयित एक्स्टेंशन. जाहिराती रोखणारी, पासवर्ड भरणारी, पानाला काळा रंग देणारी, भाषांतर करणारी आणि लेखनातल्या चुका दाखवणारी एक्स्टेंशन प्रत्येक पानाच्या आत शिरून त्याची रचना बदलतात. साध्या पानावर हे खपून जाते. हजारो ओळींचा तक्ता सतत बदलत राहणाऱ्या पानावर मात्र एक्स्टेंशन आणि पान एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा बदलत बसतात आणि मेमरी संपते. ही एक्स्टेंशन आपोआप अद्ययावत होत असल्यामुळे कालपर्यंत चाललेले आज अचानक बिघडू शकते.

एकेक बंद करून पाहण्याऐवजी निम्मी बंद करावीत. पान चालले, तर दोषी त्या बंद केलेल्या निम्म्यांत आहे. नाही चालले, तर उरलेल्यांत. पुन्हा त्यातली निम्मी घ्यावीत. १६ एक्स्टेंशन असली, तरी दोषी एकच असेल तर चार फेऱ्यांत ते सापडते. सापडल्यावर ते काढून टाकण्याची घाई नको. जाहिराती रोखणाऱ्या बहुतेक एक्स्टेंशनांत एका संकेतस्थळापुरते ते बंद ठेवण्याची सोय असते.

फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात एक्स्टेंशनांबरोबर हार्डवेअर ॲक्सिलरेशनही (चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवणे) बंद होते, हे विसरू नये; नाहीतर दोष ग्राफिक्सचा असतो आणि आळ एक्स्टेंशनवर येतो.

त्या एकाच संकेतस्थळाचा साठवलेला डेटा

संकेतस्थळे आता कुकीजपेक्षा बरेच काही आपल्या संगणकात ठेवतात: माहितीचे छोटे भांडार, उतरवून ठेवलेली पाने आणि ‘सर्व्हिस वर्कर’ नावाची, टॅब बंद असतानाही उरणारी स्क्रिप्ट. संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली आणि आपल्याकडे जुना वर्कर किंवा अर्धवट लिहिले गेलेले भांडार उरले, तर दोघांचे जुळत नाही. पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करूनही हे जात नाही, कारण रिफ्रेशला उत्तर तोच जुना वर्कर देत असतो.

यावर उपाय म्हणजे फक्त त्या संकेतस्थळाचा डेटा पुसणे. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंगमध्ये जावे आणि तेथील डेटा हटवावा. हे चिन्ह पूर्वी कुलुपाचे होते, २०२३ पासून ते सरकपट्ट्यांसारखे दिसते. पान उघडताक्षणीच कोसळत असेल, तर सेटिंगच्या गोपनीयता विभागातून संकेतस्थळांच्या यादीत त्याचे नाव शोधूनही हे करता येते, पान उघडावे लागत नाही. फायरफॉक्समध्येही गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये डेटा व्यवस्थापनाची अशीच यादी आहे. पुसण्याआधी एक विचार अवश्य करावा: त्या संकेतस्थळावर ऑफलाइन लिहिलेला, सर्व्हरवर न पोचलेला मसुदा असेल, तर तो याच भांडारात असतो आणि त्याच्याबरोबर जातो.

ग्राफिक्स

नकाशे, खेळ, आराखडे काढण्याची साधने आणि व्हिडिओ यांची पाने कोसळत असतील, तर मी सर्वांत आधी येथेच पाहतो. ब्राउझर चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवतो, आणि ते ड्रायव्हरमार्फत होते. विंडोजमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरने दिलेल्या कामाला सुमारे २ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर सिस्टिम ड्रायव्हरला सक्तीने पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर हेच घडले असण्याची दाट शक्यता असते. क्रोम अशा एक-दोन धक्क्यांतून सावरतो, पण ते वारंवार बसले तर पूर्णच बंद होऊ शकतो.

चाचणी अशी करावी. क्रोम आणि एजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण असते, ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फायरफॉक्समध्ये सामान्य सेटिंगखालच्या कार्यक्षमतेच्या भागात शिफारस केलेल्या सेटिंगवरची खूण काढली, की हार्डवेअर ॲक्सिलरेशनचा पर्याय दिसतो. आता पान चालले, तर दुवा सापडला. पण हा पर्याय कायमचा बंद ठेवणे हा उपाय नव्हे, कारण मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, व्हिडिओ अडखळतात आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. खरा उपाय नवा ड्रायव्हर हाच असतो, आणि तो विंडोज अपडेटवर विसंबून न राहता ग्राफिक्स कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याकडून घ्यावा. उलट नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून मागची आवृत्ती परत आणावी. मॅकवर ड्रायव्हर सिस्टिमच्या अपडेटबरोबर येतो. दोन ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून ब्राउझरला दुसरा प्रोसेसर नेमून देता येतो, आणि कधीकधी तेवढ्यानेच काम भागते.

क्रोममध्ये कधीकाळी ‘फ्लॅग्ज’च्या पानावर प्रायोगिक पर्याय चालू केले असतील, तर ते सगळे मूळ स्थितीत आणावेत.

मेमरी

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबल्यावर ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ हे पान तेच काम करते. ही यादी शेजारी उघडी ठेवून ते दोषी पान वापरावे आणि त्याचा मेमरीचा आकडा पाहत राहावे. काहीही न करता तो सतत चढत असेल, तर पानाच्या स्क्रिप्टमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेंशनमध्ये गळती आहे, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडली जात नाही. संगणकात ३२ जीबी रॅम आहे म्हणून निश्चिंत राहू नये: क्रोममध्ये एका पानाच्या जावास्क्रिप्टला साधारण ४ जीबीपर्यंतच जागा मिळते, आणि ती संपली की बाकीची रॅम रिकामी असूनही टॅब जातो. ब्राउझर ३२ बिटचा असेल, तर मर्यादा आणखी तोकडी असते. ‘क्रोमबद्दल’ या पानावर आवृत्तीशेजारी ६४ बिट लिहिले आहे का ते पाहावे. गळती पानातच असेल, तर पानावर मोठा अहवाल असेल तर त्याचा तारखांचा आवाका कमी करणे किंवा ते पान अधूनमधून बंद करून उघडणे एवढेच वापरणाऱ्याच्या हातात उरते.

बाहेरून घुसलेली सॉफ्टवेअरे

विंडोजवर अँटिव्हायरस, पडद्यावर आकडे दाखवणारी खेळांची साधने आणि कीबोर्डची सॉफ्टवेअरे स्वतःचा कोड ब्राउझरच्या प्रक्रियेत घालतात. फायरफॉक्सचे ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ हे पान अशा पाहुण्यांची यादी दाखवते. संपूर्ण ब्राउझर नाहीसा होत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत त्या वेळेची १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात कोसळलेल्या मॉड्यूलच्या फाइलचे नाव असते. ते नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचे किंवा अँटिव्हायरसचे निघाले, तर पुष्कळ श्रम वाचतात. आणि दर वेळी वेगळेच नाव येत असेल, इतर प्रोग्रॅमही अधूनमधून कोसळत असतील, तर ब्राउझर सोडून रॅम तपासावी.

फोनवर

अँड्रॉइडवर पान एखाद्या ॲपच्या आत उघडताना कोसळत असेल, तर ते बहुधा ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ या घटकातून दाखवले जात असते. मार्च २०२१ मध्ये याच घटकातल्या दोषामुळे जीमेलसह असंख्य ॲप एकाच वेळी कोसळू लागली होती, आणि प्ले स्टोअरवरून तो घटक व क्रोम अद्ययावत केल्यावर ती सावरली. तेच पान क्रोममध्ये थेट उघडून चालले, तर ॲपचे अपडेट आणि हा घटक पाहावा.

तक्रार करताना

सगळे करूनही नव्या प्रोफाइलमध्ये, अद्ययावत ब्राउझरमध्ये आणि निरनिराळ्या संगणकांवर तेच पान कोसळत असेल, तर दोष बहुधा ब्राउझरचाच आहे आणि तो त्याच्या निर्मात्यांना कळवणे योग्य. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ आणि क्रोममध्ये ‘क्रोम’ हा उपसर्ग, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि ‘क्रॅशेस’ असे लिहिले, की प्रत्येक घटनेचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक, ब्राउझरची आणि सिस्टिमची आवृत्ती, आणि कोणत्या क्रमाने काय केल्यावर पान कोसळते ते लिहावे. ‘कधीकधी बंद पडते’ या वाक्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. फायरफॉक्सच्या कोणत्या आवृत्तीपासून हे सुरू झाले ते ठरवायचे असेल, तर मोझरिग्रेशन हे साधन जुन्या-नव्या आवृत्त्या आपोआप उतरवून वरच्याच निम्म्या-निम्म्याच्या रीतीने नेमका बदल शोधून देते. अहवालात पानाचा पत्ता आणि मेमरीचे तुकडे जाऊ शकतात, म्हणून बँकेच्या किंवा वैद्यकीय कागदपत्रांच्या पानाबाबत पाठवण्यापूर्वी विचार करावा. अनोळखी दुव्यावरून आलेले पान ब्राउझर कोसळवत असेल, तर त्यावर प्रयोग करू नयेत. मेमरीतले दोष हल्ल्यासाठीही वापरले जातात.

कारण सापडल्यावर चाचणीसाठी केलेले इतर सर्व बदल मागे घ्यावेत: बंद केलेली एक्स्टेंशन चालू करावीत, ड्रायव्हर बदलला असेल तर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन पुन्हा सुरू करावे, तात्पुरते प्रोफाइल काढून टाकावे, आणि त्यानंतर ते पान आणखी एकदा उघडून पाहावे.